एम. विश्वेश्वरय्या : विजेशिवाय उघडणारे ऑटोमॅटिक दरवाजे बनवणारा इंजिनिअर

तळेगाव दाभाडे, चाकण किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये राहत असाल, तर पावसाळ्यात एखाद्या दिवशी अचानक जोरात वाजणारा सरकारी अलर्ट तुमच्या फोनवर आला असेल. आपण तो वाचतो, ओके दाबतो आणि पुन्हा रील बघायला लागतो.

धोक्याची पातळी ओलांडली की माणसाची वाट न बघता यंत्राने स्वतःहून काम करायचं, ही कल्पना मोबाईलपेक्षा खूप जुनी आहे. आपल्याच जिल्ह्यात, खडकवासला धरणावर, १९०३ साली ती प्रत्यक्षात आली होती. ती आणणारे इंजिनिअर म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. दरवर्षी १५ सप्टेंबरला ज्यांच्या वाढदिवशी इंजिनिअर्स डे असतो, तेच. आज त्यांचं आयुष्य आपत्तीच्या बाजूने समजून घेऊया.

पुण्यात शिकलेला मुलगा

विश्वेश्वरय्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळी गावचा. लहान वयातच वडील गेले. शिकवण्या घेऊन त्यांनी बंगळुरूला बी.ए. केलं आणि मग इंजिनिअरिंगसाठी पुण्याला आले. ज्या कॉलेजात ते शिकले, त्यालाच आपण आज सीओईपी म्हणतो. १८८३ साली ते परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले.

सुरुवात नाशिक, धुळे भागात झाली. धुळ्याकडे पांझरा नदी ओलांडून पाणी नेण्यासाठी पाइपांचा सायफन टाकायचं काम त्यांच्याकडे आलं. पावसाळ्यात नदी फुगायची आणि काम अडायचं. नदी आपल्या वेळापत्रकाने चालत नाही, हा धडा त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षांत मिळाला.

खडकवासल्याचे दरवाजे कसे काम करायचे?

खडकवासला धरण १८७९ च्या सुमारास पूर्ण झालं होतं. अडचण अशी होती की पावसाळ्यात भरपूर पाणी सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात तेच पाणी कमी पडायचं. सांडव्याची भिंत कायमची उंच करावी, तर मोठ्या पुरात पाणी मागे तुंबणार आणि धरणावर ताण येणार.

विश्वेश्वरय्यांनी मधला मार्ग काढला. सांडव्यावर त्यांनी दरवाजे बसवले आणि ते वजनांनी तोलून धरले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत असेल तोवर दरवाजे बंद. पाणी त्याच्या वर गेलं की पाण्याच्याच जोराने तोल बदलायचा आणि दरवाजे उघडायचे. पाणी उतरलं की पुन्हा बंद.

आपल्या गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. टाकी भरली की तो पाणी बंद करतो. इथे उलटं होतं, धरण भरलं की वाट मोकळी व्हायची. मोटर नाही, वीज नाही, रात्री दोनला झोपेतून उठून चाक फिरवणारा माणूसही नको. साठ्याची पातळी यामुळे सुमारे आठ फुटांनी वाढवता आली. या रचनेचं पेटंट घेतलं गेलं, पण नोकरीत असताना केलेलं काम म्हणून विश्वेश्वरय्यांनी रॉयल्टी नाकारली, असं सांगतात.

दुष्काळ ही पण आपत्तीच

आपत्ती म्हटलं की आपल्याला पूर, भूकंप, दरड, वीज, चक्रीवादळ आठवतं. दुष्काळ हळूहळू येतो, म्हणून तो लक्षात येत नाही. विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. शेतीचे गट पाडायचे, पिकं आळीपाळीने घ्यायची आणि पाणी ठरवून वाटायचं, म्हणजे थोड्या लोकांकडे सगळं पाणी जात नाही. आज आपण फोनवर डेटाची लिमिट लावतो ना, तसंच काहीसं.

हैदराबादचा पूर : खरी परीक्षा

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. सुमारे १५ हजार माणसं गेली असं मानलं जातं. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि १९०९ मध्ये ते कामाला लागले.

त्यांनी फक्त शहरातली नदी पाहिली नाही. वरच्या भागात किती पाऊस पडला, पाणी कुठून कसं आलं, याचे आकडे जमवले. लक्षात आलं की नदीच्या वरच्या खोऱ्यात शेकडो लहान तलाव होते आणि त्या पावसात त्यातले दोनशेहून जास्त फुटले. एक फुटला की त्याचं पाणी खालच्या तलावावर आदळायचं. शहराच्या भिंती उंच करून हे थांबलं नसतं.

म्हणून त्यांनी शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधायला सांगितले, ज्यात पुराचं पाणी अडेल आणि हळूहळू सोडता येईल. त्यातून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये उभे राहिले. शिवाय नदीकाठ मोकळा ठेवून तिथे बागा करा, सांडपाण्याची नीट व्यवस्था करा, असंही त्यांनी सुचवलं.

पुढे ते म्हैसूर संस्थानचे मुख्य इंजिनिअर झाले, १९१२ ते १९१८ दिवाण होते. कृष्णराजसागर धरण त्यांच्याच काळात सुरू झालं. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं.

१२ जुलै १९६१

आता या गोष्टीतला अवघड भाग. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं. त्याचं काम अजून पूर्ण झालं नव्हतं. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यात आलं आणि दुपारी खडकवासला धरणही फुटलं. पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या.

स्वयंचलित दरवाजे पावसाच्या पुरासाठी होते. वरचं अख्खं धरण एकदम अंगावर येईल, हा हिशोब त्यात नव्हताच. हैदराबादच्या तलावांचं जे झालं, तेच मोठ्या प्रमाणात इथे झालं. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, वय शंभरीच्या घरात. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, बंगळुरूला त्यांचं निधन झालं.

आधल्या रात्री पानशेतच्या बांधावर जवानांनी वाळूची पोती रचली होती. त्यामुळे धरण रात्री न फुटता दिवसा फुटलं आणि हजारो जीव वाचले, असं पुण्यात आजही मानतात. थोडक्यात, त्या दिवशी यंत्र कमी पडलं आणि मिळालेले काही तास कामी आले.

मग आपण काय करायचं?

आपल्या शेजारी सुदुंबरे इथे एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे. महाराष्ट्रात कुठेही मोठी आपत्ती आली की त्यांची पथकं निघतात. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गेलं, तेव्हाही ते जवान तिथे होते. पण मदत पोहोचेपर्यंतचा वेळ आपला आपल्यालाच सांभाळायचा असतो. त्यासाठी एवढं करून ठेवा :

- फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन अलर्ट चालू आहेत का ते बघा. बरेच जण आवाजाला वैतागून ते बंद करतात.
- 'सचेत' ॲप टाका. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप आहे.
- ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ सेव्ह करा. घरच्यांचे दोन नंबर कागदावरही लिहा, कारण वीज गेली की फोनही जातो.
- पॉवर बँक, टॉर्च, औषधं आणि कागदपत्रांच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवा.
- आपलं घर कोणत्या नदीच्या, ओढ्याच्या किंवा डोंगराच्या जवळ आहे आणि वर कोणतं धरण आहे, ते नकाशावर एकदा शोधा.
- फुगलेल्या नदीवरच्या जुन्या पुलावर सेल्फीसाठी थांबू नका. जून २०२५ मध्ये तळेगावजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार जण गेले.

यातलं पाचवं काम विश्वेश्वरय्यांनी हैदराबादेत सगळ्यात आधी केलं होतं : पाणी येतं कुठून ते पाहिलं. तुम्हीही आजच मॅप उघडून बघा आणि तुमच्या घराच्या वर काय सापडलं ते कमेंटमध्ये नक्की सांगा. नदीकाठी राहणारा कोणी मित्र असेल, तर ही माहिती त्यालाही पाठवा.