दोराबजी टाटा

सर दोराबजी जमशेदजी टाटा (२७ ऑगस्ट, इ.स. १८५९ – ३ जून, इ.स. १९३२) हे भारतीय उद्योगपती व दानशूर गृहस्थ होते. वडील जमशेदजी टाटा यांनी आखलेले पोलाद व जलविद्युत प्रकल्प त्यांनी प्रत्यक्षात आणले. तत्कालीन कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातील खोपोली आणि भिवपुरी येथील वीजकेंद्रे त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाली. मुंबईतील विजेवर चालणाऱ्या वाहतुकीच्या वाढीत या केंद्रांचा मोठा वाटा होता.

सुरुवातीचे जीवन

दोराबजींचा जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. इ.स. १८७७ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. दोन वर्षांनी मायदेशी परतून त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयातून इ.स. १८८२ मध्ये बी.ए.ची पदवी घेतली. काही काळ त्यांनी 'बॉम्बे गॅझेट' या वृत्तपत्रात काम केले. इ.स. १८८४ पासून ते वडिलांच्या कापूस व्यवसायात आले आणि पुढे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये अनुभव घेतला. इ.स. १८९७ मध्ये त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला.

जलविद्युत प्रकल्प

मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालत. कोळसा दुरून आणावा लागे आणि धुराने शहर काळवंडे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पावसाचे पाणी साठवून त्यापासून वीज निर्माण करावी, अशी जमशेदजींची योजना होती. इ.स. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. दोराबजींनी भारतीय संस्थानिक व गुंतवणूकदारांकडून भांडवल उभे केले आणि इ.स. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांचे पाणी नळांद्वारे पाचशे मीटरहून अधिक खाली, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या खोपोलीला आणले गेले. येथील वीज इ.स. १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. इ.स. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे आणि इ.स. १९२७ मध्ये भिरा येथे वीजनिर्मिती सुरू झाली. वीज निर्माण करून झाल्यावर खोपोलीचे पाणी पाताळगंगा नदीत जाते, तर भिवपुरीच्या पाण्यावर राजनाला कालव्यातून कर्जत तालुक्यातील भातशेती होते.

शहरी वाहतूक

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप व अमेरिकेतील शहरांत बॅटरीवर चालणाऱ्या लहान मोटारी वापरात होत्या. पल्ला कमी असल्याने त्या मुख्यतः शहरातल्या शहरात फिरत. पुढे स्वस्त पेट्रोल मोटारींमुळे त्या मागे पडल्या. मुंबईत मात्र विजेवरील प्रवास बॅटरीऐवजी तारांमधून आला. शहरातील पहिली विजेची ट्राम ७ मे, इ.स. १९०७ रोजी धावली. ३ फेब्रुवारी, इ.स. १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही भारतातील पहिली विजेची रेल्वे सुरू झाली. गिरण्यांपाठोपाठ शहरातील विजेच्या वाहतुकीलाही टाटांच्या जलविद्युत कंपन्यांकडून वीज मिळू लागली.

मुळशी सत्याग्रह

भिरा केंद्रासाठी मुळशी येथे धरण बांधताना मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी व गावे पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध इ.स. १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे त्याचे प्रमुख नेते होते. याच लढ्यामुळे बापट 'सेनापती' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांना कारावास भोगावा लागला. धरण पूर्ण झाले आणि अनेक कुटुंबे विस्थापित झाली. शहराला मिळालेल्या विजेची किंमत खेड्यांनी मोजली, या कारणास्तव हा लढा विस्थापितांच्या चळवळींच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो.

अखेरची वर्षे

इ.स. १९२४ मध्ये टाटांची पोलाद कंपनी आर्थिक अडचणीत आली. तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता आणि मेहेरबाईंचा 'ज्युबिली' हिरा तारण ठेवून कंपनीसाठी कर्ज उभारले. इ.स. १९२० च्या ऑलिंपिकसाठी भारतीय खेळाडूंचा बराचसा खर्चही त्यांनी उचलला होता. मेहेरबाईंचे इ.स. १९३१ मध्ये निधन झाले. दोराबजींनी इ.स. १९३२ मध्ये आपली संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. त्याच वर्षी युरोपच्या प्रवासात जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे मेहेरबाईंच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

खोपोली, भिवपुरी व भिरा ही केंद्रे आजही टाटा पॉवरकडून चालवली जातात. टाटा मोटर्स ही कंपनी दोराबजींच्या मृत्यूनंतर, इ.स. १९४५ मध्ये स्थापन झाली. तिने इ.स. २०२२ मध्ये टियागो ही लहान मोटार विजेवरील रूपात बाजारात आणली. विजेच्या मोटारीतून धूर निघत नसला, तरी तिच्यामुळे होणारे एकूण प्रदूषण वीज कोळशापासून बनते की पाण्यापासून, यावर अवलंबून असते. मुंबईला पुरवल्या जाणाऱ्या विजेत औष्णिक विजेबरोबरच सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या तीन केंद्रांतील जलविद्युतही असते.