एडिसनची परत घेतलेली बॅटरी

एडिसन म्हटलं की तुम्हाला बल्ब आठवतो. पण जवळजवळ दहा वर्षं या माणसाचा घाम काढला तो बॅटरीने.

१९०० च्या आसपासची अमेरिका डोळ्यांपुढे आणा. रस्त्यावर घोडागाड्या आहेत, वाफेवरच्या आणि पेट्रोलवरच्या मोटारी आहेत आणि चक्क विजेवरच्याही आहेत! यातलं कोण टिकणार, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. विजेच्या मोटारीचं दुखणं म्हणजे तिची शिसं आणि आम्लाची जडशीळ बॅटरी. एडिसनने ठरवलं, आम्लच नको. क्षारी द्रावण घ्यायचं आणि त्यात निकेल आणि लोखंड. (स्वीडनमध्ये वाल्देमार युंगनर याच वाटेवर होता, हेही लक्षात ठेवा.)

न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत हजारो प्रयोग झाले आणि सेल चालला. पण एडिसनचं एक होतं, वस्तू तयार व्हायच्या आधी तिची बातमी तयार! पेपरांतून गाजावाजा झाला, कारखाना उभा राहिला, बॅटऱ्या विकल्याही गेल्या.

आता बघा, टेबलावर चालणं वेगळं आणि खडबडीत रस्त्यावर हादरे खात चालणं वेगळं. डबे सांध्यातून गळू लागले. काही सेलची ताकद लवकरच उतरली. निकेलच्या भुकटीतून वीज नीट वाहावी म्हणून त्यात ग्रॅफाइट मिसळलेलं होतं, तेच वापरात दगा देत होतं.

गिऱ्हाईक असताना तुम्ही काय केलं असतं? एडिसनने उत्पादन थांबवलं, खराब बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसला. मला तरी बल्बपेक्षा हा एडिसन मोठा वाटतो. पुढची चार-पाच वर्षं यातच गेली. तांब्याचा थर, त्यावर निकेलचा, पुन्हा तांब्याचा, असे थर चढवायचे आणि मग तांबं विरघळवून टाकायचं. उरायचे ते निकेलचे अतिपातळ पापुद्रे. ग्रॅफाइटच्या जागी हे पापुद्रे आले. द्रावणात थोडं लिथियमही पडलं. तयार बॅटऱ्या वरच्या मजल्यावरून खाली टाकून पारखल्या गेल्या.

१९०९ मध्ये नवी बॅटरी बाजारात आली. दणकट होती, पण आदल्याच वर्षी फोर्डची मॉडेल टी आली होती. आणि हा फोर्ड पूर्वी डेट्रॉइटला एडिसनच्याच नावाच्या वीज कंपनीत नोकरीला! १९१२ मध्ये कॅडिलॅकला बटणावर सुरू होणारं इंजिन मिळालं, तेव्हा पेट्रोलच्या गाडीचा हँडल मारायचा त्रासही संपला. त्या स्टार्टरला एका झटक्यात भरपूर करंट लागायचा. तो देणं एडिसनच्या बॅटरीला जमेना, थंडीत तर नाहीच. तिथे शिशाचीच बॅटरी बसली.

मग एडिसनची बॅटरी गेली कुठे? मालाच्या गाड्यांत, रेल्वेच्या सिग्नलमध्ये, खाणकामगारांच्या टोपीवरच्या दिव्यांत. तिथे तिने पैसाही चांगला मिळवला. १९३१ मध्ये एडिसन गेला. त्यानंतरही चाळीसेक वर्षं ती बनत होती.