राजा भोज आणि मस्तकावरील शस्त्रक्रियेची आख्यायिका

जबलपूरजवळ, भेडाघाटच्या वाटेवर तेवर हे गाव आहे. हजार वर्षांपूर्वी त्रिपुरी या नावाने ते कलचुरी राजांची राजधानी होते. माळव्याचा परमार राजा भोज याच्या आयुष्याची अखेर या राजधानीशी जोडलेली आहे. भारतात कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेची सर्वांत प्रसिद्ध कथाही याच भोजाच्या नावावर सांगितली जाते.

भोज हा सिंधुराजाचा पुत्र आणि मुंजाचा पुतण्या. इ. स. १०१० च्या सुमारास तो गादीवर आला. धार ही त्याची राजधानी. त्याच्या कोकणविजयाची नोंद १०२० च्या ताम्रपटांत आहे. कल्याणीच्या चालुक्यांविरुद्ध त्याने त्रिपुरीच्या गांगेयदेवाशी मैत्री केली. पुढे दोघांत वैर आले. राजा भोज आणि गंगू तेली यांच्या म्हणीतील गंगू म्हणजे हा गांगेय, असा एक लोकप्रिय तर्क आहे.

रणांगणापेक्षाही भोजाची कीर्ती टिकली ती विद्येमुळे. वास्तुशास्त्रावरील समरांगणसूत्रधार, साहित्यशास्त्रावरील शृंगारप्रकाश आणि सरस्वतीकंठाभरण हे ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. वैद्यकावरील एक ग्रंथही त्याचा मानला जातो. भोजपूरचे अपूर्ण शिवमंदिर त्याच्या महत्त्वाकांक्षेची साक्ष देत आजही उभे आहे.

अशा राजाच्या मस्तकशूळाची कथा बल्लाळाच्या भोजप्रबंधात येते. तळ्यात स्नान करताना माशाचे पिल्लू नाकावाटे राजाच्या डोक्यात शिरले आणि असह्य वेदना सुरू झाल्या. वैद्यांचे उपाय हरले. हताश राजाने वैद्यांना राज्याबाहेर घालवण्याची आणि वैद्यकाचे ग्रंथ नदीत टाकण्याची आज्ञा दिली. तेव्हा अश्विनीकुमार वैद्यांच्या वेषात आले. त्यांनी मोहचूर्णाने राजाला बेशुद्ध केले, कवटी उघडून मासे बाहेर काढले, कवटी पुन्हा सांधली आणि संजीवनीने त्याला शुद्धीवर आणले.

बेशुद्धी, छेद, सांधणी आणि पुन्हा शुद्धी हा क्रम आजच्या शस्त्रक्रियागृहातील क्रमाशी जुळतो. म्हणूनच वैद्यकाच्या इतिहासावरील अनेक लेखांत ही कथा घडलेली घटना म्हणून, तीही इ. स. ९२७ मधील म्हणून सांगितली जाते. त्या वर्षी मात्र भोज जन्मलाही नव्हता. भोजप्रबंध हा भोजानंतर काही शतकांनी रचला गेला आणि त्यात कालिदासही भोजाच्याच दरबारात बसलेला आहे. पाण्यातील सूक्ष्म अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो, मासा नव्हे.

तरीही कथा निरर्थक ठरत नाही. काश्मीरमधील बुर्झहोम येथे नवाश्मयुगीन मानवाची छिद्रे पाडलेली कवटी सापडली आहे. म्हणजे कवटीला हात घालण्याचे धाडस या भूमीत भोजाच्याही कितीतरी आधीचे. शस्त्रक्रियेआधी रोग्याला वेदनेपासून मुक्त करावे, ही कल्पना बल्लाळाच्या वाचकांना परिचित होती, एवढे ही कथा निश्चित सांगते.

भोजाच्या अंतकाळी मात्र कोणी अश्विनीकुमार आले नाहीत. गांगेयाचा पुत्र कर्ण आणि गुजरातचा भीम यांनी माळव्यावर स्वारी केली. त्याच संकटात, १०५५ च्या सुमारास, भोजाचा आजारपणात मृत्यू झाला, असे मेरुतुंगाच्या चौदाव्या शतकातील प्रबंधचिंतामणीत म्हटले आहे. धार शत्रूच्या हाती गेली.

१९३९ मध्ये याच त्रिपुरीच्या नावाने काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि आजारी सुभाषचंद्र बोस अध्यक्ष म्हणून तेथे आले. आज जबलपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यांचे नाव धारण करते आणि तेथे मेंदूच्या शस्त्रक्रिया दुर्बिणीच्या साह्यानेही होतात. ज्या उपचारासाठी भोजाच्या कथाकाराला देववैद्यांना पाचारण करावे लागले, तो आता कर्णाच्या राजधानीशेजारी सामान्य रुग्णालाही मिळतो.