आधी पाहणी, मग आराखडा : पॅट्रिक गेडीस

माझे आजोळ बडोद्याचे. मामांचे घर घडियाळी पोळमध्ये आहे. भूगोलाच्या प्रकल्पासाठी मी २०११ च्या जनगणनेतील प्रभागवार लोकसंख्येवरून बडोद्याचा नकाशा रंगविला. जुन्या शहराचा भाग सर्वांत गडद लाल आला. खाली मी शिफारस लिहिली की, दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढावेत. मामांनी नकाशा पाहून, यात आपले घर कोठे आहे, एवढेच विचारले. मला उत्तर देता आले नाही. तेव्हा मी पॅट्रिक गेडीस यांचे चरित्र वाचावयास घेतले.

गेडीस यांचा जन्म १८५४ साली स्कॉटलंडमध्ये झाला. विषय जीवशास्त्र. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत खिडकीच्या तावदानांवर बोटे फिरविताना चौकटी आखून विचार मांडण्याची रीत त्यांना सुचली. पुढे ते माणसांच्या वस्तीकडे वळले. १८८६ मध्ये लग्न होताच पत्नी ॲना यांच्यासह ते एडिंबरोच्या गरीब वस्तीत राहावयास गेले आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी तेथील घरांची डागडुजी केली.

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचे सामान आणणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले, तरी त्यांनी नवे प्रदर्शन जमवून मद्रासला भरविले. १९१६ मध्ये बडोद्याविषयी अहवाल लिहिला. गल्लीबोळ पायी हिंडल्याशिवाय ते आराखडा करीत नसत. सबंध वस्ती पाडली, तर हुसकलेले गरीब शेजारच्या वस्तीत दाटी करतात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून मोडकळीस आलेली घरे तेवढी काढावीत, मोकळ्या जागेत झाड लावावे आणि माणसे तेथेच राहू द्यावीत, असे त्यांचे सांगणे असे. १९१७ मध्ये मुलगा युद्धात गेला, त्याच वर्षी पत्नीही गेली. पण काम थांबले नाही. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्यानंतर ती धुरा डॉ. गो. स. घुर्ये यांनी वाहिली. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.

सुट्टीत मी मामांबरोबर पोळ हिंडलो. कोठे नळाला पाणी चढत नाही, कोणता जिना खचला आहे, हे घरोघर विचारून टिपले. जनगणनेचे आकडे खोटे नव्हते; आधी कोठे जावे, हे त्यांनीच दाखविले. मात्र तेथे काय करावे, हे मी न विचारताच लिहिले होते. ती शिफारस मी खोडली आहे.