मराठीच्या मुळाचा शोध

खानदेशात चाळीसगावच्या दक्षिणेस डोंगराच्या पायथ्याशी पाटणे नावाचे गाव आहे. तेथे शके ११२८, म्हणजे सुमारे इसवी सन १२०६ मधील एक शिलालेख सापडला. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला होता. त्या मठास मिळालेल्या दानांची नोंद या लेखात आहे. लेखाचा आरंभ संस्कृतात असला, तरी मठास बाजारातून काय द्यावे, घाण्यामागे किती तेल द्यावे, हे सांगताना भाषा मराठी होते. तेल्याला आणि वाण्याला समजेल अशाच भाषेत ते लिहिणे भाग होते. ज्ञानेश्वरी लिहिली गेली ती १२९० मध्ये, म्हणजे यानंतर ८४ वर्षांनी.

अशी ही जुनी मराठी पुढे लोकांच्या विस्मृतीत गेली. तिचे मूळ शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे अग्रगण्य होत. त्यांचा जन्म १८६३ मध्ये कुलाबा जिल्ह्यातील वरसई येथे झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले, तेव्हा पदवीच्या परीक्षेत मराठीला स्थान नव्हते. इंग्लंडात इंग्रजीच्या जुन्या पोथ्या छापण्यासाठी १८६४ मध्येच एक स्वतंत्र संस्था निघाली होती. येथे मात्र मराठीच्या पोथ्या माळ्यावर धूळ खात पडल्या होत्या आणि शिकलेली माणसे इंग्रजीत लिहिण्यात भूषण मानीत होती. राजवाड्यांनी आपले लेखन मराठीतच करावयाचे ठरविले आणि तो निश्चय कसोशीने पाळला.

तरुणपणीच पत्नी निवर्तली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. स्वतःच्या हाताने स्वयंपाक करावा, गावोगाव हिंडावे, दप्तरे उघडावीत, हा त्यांचा क्रम झाला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. पण कागद शोधता शोधता त्यांचे लक्ष त्या कागदांच्या भाषेकडेही ओढले गेले.

बीडजवळ पाटांगण येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. एखादा ग्रंथ शतकानुशतके हाताने उतरला जातो, तेव्हा नकलणारा आपल्या काळचे शब्द नकळत त्यात घालतो. म्हणूनच एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. राजवाड्यांना आपली पोथी एकनाथांच्याही पूर्वीची वाटली. तिच्या आधारे त्यांनी १९०९ मध्ये धुळ्याहून ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. आज आपण ‘देव’ म्हणतो, तेथे जुन्या मराठीत ‘देवु’ असे रूप होते. अशी रूपे लेखकाच्या चुका नसून त्यांनाही नियम आहेत, हे त्या व्याकरणाने दाखविले. महानुभाव पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिलेल्या असत. ती लिपी उलगडण्याचे श्रेयही राजवाड्यांकडेच जाते. त्यामुळे मराठी गद्याचे मोठे भांडार अभ्यासकांना खुले झाले.

राजवाड्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले असे नाही. शब्दांचे मूळ थेट वैदिक भाषेत शोधण्याच्या भरात ते पुष्कळदा वाहवत जात. पाटांगणच्या पोथीच्या जुनेपणाविषयी विद्वानांत वाद झाला आणि मूळ पोथी पुढे कोणास पाहावयास मिळाली नाही, ही हानी मोठीच. स्वभावही तापट होता. १९१० मध्ये पुण्यात ज्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, त्या मंडळातील सहकाऱ्यांशीही त्यांचे पटेनासे झाले.

अखेरीस ते धुळ्यास आले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. धातू आणि शब्द यांची त्यांनी केलेली अगणित टाचणे मागे राहिली होती. त्यांचे धुळ्याचे स्नेही भास्कर वामन भट आणि इतर मंडळींनी १९२७ च्या आरंभी राजवाडे संशोधन मंडळ स्थापून तो ठेवा सांभाळला. त्या टाचणांतून १९३७ मध्ये राजवाड्यांचा धातुकोश प्रसिद्ध झाला आणि १९४२ मध्ये नामादिशब्दांचा व्युत्पत्तिकोश.