‘हरवलेली पिढी’ आणि मर्ढेकर

पहिल्या महायुद्धानंतर भ्रमनिरास झालेल्या पाश्चात्त्य लेखकांना ‘हरवलेली पिढी’ हे नाव गर्ट्रूड स्टाइन यांच्यामुळे मिळाले आणि हेमिंग्वे यांनी १९२६ च्या आपल्या कादंबरीच्या आरंभी ते योजल्याने रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मराठी नवकाव्याच्या, विशेषतः बाळ सीताराम मर्ढेकरांच्या संदर्भात ही संज्ञा सहज आठवते. ती त्यांना कितपत लागू पडते, हे त्यांच्या जीवनक्रमावरूनच तपासावे लागते.

मर्ढेकरांचा जन्म १ डिसेंबर १९०९ रोजी खानदेशातील फैजपूर येथे झाला. घराणे सातारा जिल्ह्यातील मर्ढे गावचे; मूळ आडनाव गोसावी. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन १९२९ साली ते आय.सी.एस. परीक्षेसाठी लंडनला गेले. परीक्षेत यश आले नाही. मात्र मंदीने ग्रासलेल्या युरोपातील नवी कला आणि नवे वाङ्मय त्यांनी जवळून न्याहाळले. १९३७ चा ‘आर्ट्स अँड मॅन’ हा इंग्रजी ग्रंथ त्याच चिंतनाची साक्ष देतो. असे असूनही १९३९ च्या ‘शिशिरागम’मध्ये या लंडनचा मागमूस नाही. तेथील विरहभाव आणि शब्दकळा रविकिरण मंडळाच्या वळणाचीच आहे. मर्ढेकरांची कविता म्हणजे एलियटच्या वाचनाचा परिणाम, असे मानणाऱ्या समीक्षकांना ‘शिशिरागम’चा उलगडा करता येत नाही. वाचनानेच कवी घडावयाचा, तर तो १९३३ मध्येच घडावयास हवा होता.

घडविले ते पुढील आठ वर्षांनी. १९३८ पासून मर्ढेकर आकाशवाणीच्या नोकरीत होते. हेमिंग्वेप्रमाणे त्यांनी रणभूमी पाहिली नाही. युद्ध त्यांच्यापर्यंत आले ते बातम्या, टंचाई आणि महानगरातील यंत्रबद्ध जीवन यांच्या रूपाने. १९४३ चा बंगालचा दुष्काळ आणि १९४४ चा मुंबई गोदीतील स्फोट याच काळातले. १९४७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षी, ‘काही कविता’ प्रसिद्ध झाला. पिपात मेलेल्या उंदरांची त्यातील प्रतिमा वाचकांना हादरवून गेली. १९४८ मध्ये या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला. सरकारी नोकरीतील कवीला आरोपी म्हणून उभे राहावे लागले. पुढे न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले.

या खटल्याच्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. मर्ढेकरांनी आपला उद्वेग अभंग-ओवीच्या घाटात मांडला. ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांची भाषा गिरणीच्या भोंग्याशेजारी आणून बसविली. त्यात उपहास आहे, पण आर्तताही आहे. श्रद्धा ढळली तरी प्रार्थनेची भाषा या कवीपाशी शिल्लक होती; ‘हरवलेली’ हे विशेषण येथे अपुरे पडते. १९५१ च्या ‘आणखी काही कविता’मध्ये ही आर्तता अधिकच स्पष्ट होते.

२० मार्च १९५६ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्या वर्षीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या समीक्षाग्रंथाला मिळाला.