ऑस्कर रेलँडर : अनेक काचांतून घडलेले एक चित्र

प्रास्ताविक

चरित्र या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना साहित्यिक, संत आणि समाजसुधारक यांच्या जीवनकथा आपल्यासमोर प्रामुख्याने येतात. प्रस्तुत पाठाचा नायक यांपैकी कोणीही नाही. तो एकोणिसाव्या शतकातील एक छायाचित्रकार आहे. मराठीच्या अभ्यासपुस्तिकेत त्याला स्थान देण्याचे कारण असे की, समतोल, विरोध आणि सममिती हे जे शब्द आपण कवितेच्या किंवा वाक्याच्या रचनेविषयी बोलताना सहज वापरतो, ते या माणसाने काच, कागद आणि ऊन यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष हातांनी घडवून दाखवले. त्या घडवण्यापायी त्याला कीर्ती मिळाली आणि मनस्तापही पुष्कळ सोसावा लागला. आज भ्रमणध्वनीवर बोट फिरवून छायाचित्रातील आकाश बदलता येते. हीच कृती जेव्हा आठवडेच्या आठवडे खात होती, तेव्हा तिच्याविषयी कोणते प्रश्न विचारले गेले, हे या चरित्रातून पाहावयाचे आहे.

चित्रकाराचा छायाचित्रकार

ऑस्कर गुस्ताव्ह रेलँडर याचा जन्म 1813 च्या सुमारास स्वीडनमध्ये झाला. तरुणपणी त्याने रोममध्ये चित्रकलेचा अभ्यास केला आणि जुन्या थोर चित्रकारांच्या कृतींच्या नकला करीत हात घडवला. पुढे तो इंग्लंडमध्ये आला आणि 1840 नंतरच्या दशकात वुल्व्हरहॅम्प्टन या कारखानदारीच्या गावी स्थायिक झाला. तेथे व्यक्तिचित्रे रंगवून तो उदरनिर्वाह करीत असे. त्याच्या पूर्वायुष्याविषयी यापेक्षा अधिक रेंगाळण्याचे कारण नाही. मात्र रोममधील ते दिवस लक्षात ठेवावेत, कारण पुढच्या साऱ्या उपद्व्यापाचे मूळ तेथे आहे.

1853 मध्ये लंडनला जाऊन त्याने निकोलास हेनेमन यांच्याकडून छायाचित्रणाचे धडे घेतले. धडे म्हणजे किती? एका दुपारपुरते! काचेवरील ओल्या कलोडियनच्या पद्धतीसाठी तीन तास आणि कागदी निगेटिव्हसाठी अर्धा तास. एवढ्या शिदोरीवर तो घरी परतला. शिक्षणात घाई केली नसती तर पुढची बरीच धडपड वाचली असती, अशी कबुली त्याने नंतर दिली. दूरस्थ शिक्षण घेणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. गुरूचा सहवास थोडा, आणि उरलेले सारे स्वतःच्या चुकांतून.

छायाचित्रणाकडे तो वळला तो चित्रकलेची दासी म्हणून. चित्रकाराला हाताची ठेवण किंवा वस्त्राची चुणी अभ्यासावयाची असेल, तर छायाचित्र उपयोगी पडेल, एवढाच त्याचा प्रथम विचार होता. परंतु त्या काळच्या भिंगांची एक मोठी अडचण होती. जवळची आणि दूरची माणसे एकाच वेळी स्पष्ट उमटत नसत. चार-सहा जणांचा समूह टिपला की कोणीतरी धूसर होई. यावर रेलँडरने काढलेला उपाय सरळ होता. प्रत्येकाला वेगळे टिपावे आणि छपाईच्या वेळी एकाच कागदावर आणावे.

‘जीवनाच्या दोन वाटा’

1857 मध्ये मँचेस्टर येथे ब्रिटनमधील कलासंपदेचे एक भव्य प्रदर्शन भरले. त्यासाठी रेलँडरने जे चित्र सिद्ध केले, त्याचे नाव ‘जीवनाच्या दोन वाटा’. लांबी सुमारे 31 इंच, उंची सुमारे 16 इंच. तीसहून अधिक निगेटिव्ह आणि सहा आठवड्यांचे श्रम यांतून ते साकारले.

चित्राचा विषय अगदी जुना आहे. मध्यभागी एक वृद्ध ज्ञानी पुरुष उभा आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन तरुण आहेत. प्रेक्षकाच्या डाव्या हाताला विलासाची वाट आहे. तेथे मद्य आहे, जुगार आहे, आळस आहे, सैलावलेली विवस्त्र शरीरे आहेत. उजव्या हाताला सदाचाराची वाट आहे. तेथे धर्म, ज्ञान, उद्योग, रुग्णसेवा आणि गृहस्थाश्रम यांच्या प्रतीकरूप आकृती आहेत. एक तरुण डावीकडे ओढला जातो, दुसरा उजवीकडे वळतो. मधोमध, पुढच्या बाजूस, पश्चात्तापाची आकृती बसवली आहे.

या चित्राची प्रतिकृती मिळवून पुढील प्रयोग अवश्य करावा. तिच्या मध्यावर एक उभी पट्टी ठेवावी आणि प्रथम डावी, मग उजवी बाजू झाकून पाहावी. प्रत्येक अर्ध स्वतंत्रपणे पाहिले असता लंगडे वाटते. डाव्या बाजूच्या आकृती लवंडलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या; उजवीकडच्या वस्त्रावृत आणि सावरून बसलेल्या. दोन्हीकडे माणसांची दाटी साधारण सारखी असल्याने तोल राहतो, पण देहांच्या ठेवणीतला विरोध डोळ्यांना क्षणभरही विसरता येत नाही. सममितीचा अर्थ दोन्ही बाजूंना सारखेच असणे असा नव्हे. मापे जुळावीत आणि आशय भिडावा, अशी ही योजना आहे. रोममध्ये असलेल्या राफाएलच्या ‘अथेन्सचे विद्यापीठ’ या भित्तिचित्राचा ठसा येथे उघड आहे. तेथेही कमानीखाली मध्यभागी मुख्य आकृती आणि दोन्ही अंगांना माणसांचे समूह आहेत.

भाषेच्या अभ्यासकाला येथे व्याकरणाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पापपुण्य हा वैकल्पिक द्वंद्व समास आपण शाळेत शिकलो. दोन पदे समान महत्त्वाची, अर्थाने परस्परविरोधी, आणि त्यांच्यामध्ये लपलेला ‘किंवा’. रेलँडरचे चित्र म्हणजे हाच समास होय. गंमत अशी की, मराठी शब्दात पाप आधी येते, आणि डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या डोळ्यांना या चित्रातही तेच आधी भेटते. लपलेला ‘किंवा’ कोठे आहे, असे विचाराल तर तो मधल्या वृद्धाच्या जागी आहे.

सांधा

आता हे घडले कसे, ते पाहू. ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर द्रावणाचा लेप देऊन ती चांदीच्या क्षारात बुडवावी लागे आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून लगेच धुवावी लागे. सारा खेळ काही मिनिटांचा. एका वेळी इतक्या माणसांना एवढ्या मोठ्या काचेवर टिपणे रेलँडरच्या लहानशा स्टुडिओत अशक्यच होते. म्हणून त्याने एक-एक, दोन-दोन माणसे टिपली. पुराणकथांतील आणि शिल्पांतील प्रसंग निश्चल उभे राहून सादर करणाऱ्या एका फिरत्या कलापथकातील माणसांना त्याने यासाठी उभे केले.

छपाईत निगेटिव्ह कागदाला भिडवून उन्हात ठेवीत. त्यामुळे काचेवर आकृती जेवढी, तेवढीच ती कागदावर येई. नंतर मोठी-लहान करण्याची सोय नव्हती. म्हणजे चित्रात मागे उभा राहणारा माणूस टिपतानाच कॅमेऱ्यापासून योग्य तेवढा दूर ठेवावा लागे. प्रकाशाची दिशाही प्रत्येक काचेवर जुळावी लागे; नाहीतर एकाची सावली डावीकडे आणि शेजाऱ्याची उजवीकडे पडायची. सारा आराखडा आधी मनात पक्का असल्याखेरीज पहिली काच ओली करण्यात अर्थ नव्हता.

मग अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद घ्यावयाचा. एका आकृतीपुरती जागा उघडी ठेवून बाकीचा कागद काळ्या वस्त्राने झाकावयाचा, उन्हात ठेवावयाचा, आकृती पुरेशी गडद झाली की ती झाकून पुढची काच लावावयाची. असे तीसहून अधिक वेळा. शेवटच्या काचेला चूक झाली तर पहिलीपासून पुन्हा आरंभ! एवढ्या आकाराचा कागद उपलब्ध नसल्याने दोन ताव जोडावे लागले, ते वेगळेच.

संधी आणि समास यांतील भेद येथे आठवावा. समासात पदे आपापले रूप बहुधा राखतात. संधीत मात्र जोडावरचे ध्वनी एकमेकांत विरघळतात आणि नवाच ध्वनी उमटतो. रेलँडरच्या चित्राची कल्पना समासाची आहे, पण कारागिरी संधीची. सांधा दिसू नये, यातच त्याचे कसब होते आणि त्याच्यावरील आक्षेपाचे कारणही हेच.

आक्षेप

राणी व्हिक्टोरियाने या चित्राची प्रत दहा गिनी देऊन विकत घेतली. राजाश्रयामुळे नाव झाले; वाद मात्र थांबला नाही. स्कॉटलंडच्या छायाचित्रण संस्थेने एडिंबरो येथील प्रदर्शनात ते मांडण्यास नकार दिला. पुढे तेथे डावा भाग पडद्याने झाकून ते दाखवले गेले, असेही सांगितले जाते. हे खरे असल्यास, पापाची वाट झाकून केवळ पुण्याची दाखवणाऱ्यांनी चित्राचा तोलच काढून घेतला, असे म्हणावे लागेल.

नग्नता चित्रकलेत नवी नव्हती. तैलचित्रांतील देवता आणि अप्सरा श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत उजळ माथ्याने टांगलेल्या असत. मग छायाचित्रानेच एवढी खळबळ का उडावी? माझ्या मते कारण असे की, रंगवलेली अप्सरा कोणीच नसते. छायाचित्रातील स्त्री मात्र कोणीतरी असते. तिला नाव असते, घर असते, ती उद्या रस्त्यात भेटू शकते. हा आक्षेप सर्वस्वी ढोंगी होता, असे मला म्हणवत नाही. त्या पथकातील स्त्रियांना या चित्राविषयी काय वाटले, हे मात्र त्या वादात कोणी विचारल्याचे आढळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल होता. जे घडलेच नाही, ते छायाचित्राने घडले म्हणून दाखवावे काय? कॅमेरा खरे बोलतो, असा लोकांचा विश्वास नुकताच बसू लागला होता. रेलँडरने 1858 मध्ये लंडनच्या छायाचित्रण संस्थेपुढे निबंध वाचून आपली सारी कृती उघड केली. आपण काहीही लपवीत नाही आणि चित्रकारही वेगवेगळे अभ्यास करूनच एक चित्र रचतो, अशी त्याची भूमिका होती. सांधे झाकून चित्र करावे आणि मग भर सभेत ते सांधे मोजून दाखवावेत, हा प्रामाणिकपणा मला त्याच्या कौशल्याइतकाच मोलाचा वाटतो. पण या स्पष्टीकरणाने विरोधकांच्या हाती आयते शस्त्र दिले. हे चित्र नव्हे, ही तर गोधडी, अशा आशयाची टीका सुरू झाली.

पुढच्याच वर्षी, 1859 मध्ये, त्याने हेन्री पीच रॉबिन्सन या स्नेह्याला पत्र लिहून लोकांसाठी छायाचित्रे करण्याचा, विशेषतः जोडचित्रे करण्याचा, आपल्याला वीट आल्याचे कळवले. रॉबिन्सनने मात्र ही वाट सोडली नाही. मृत्युशय्येवरील मुलीचे पाच निगेटिव्हमधून केलेले त्याचे चित्र 1858 मधले.

आपल्याकडेही हे तंत्र याच सुमारास पोहोचले होते. मुंबईत छायाचित्रण संस्था 1854 मध्येच स्थापन झाली होती. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने 1863 पासून मुंबईतील विविध जातिजमातींची जी छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, त्यांत स्टुडिओत टिपलेली माणसे निराळ्या ठिकाणी टिपलेल्या पार्श्वभूमीवर बसवलेली आढळतात. माहितीपर म्हणून पाहिल्या गेलेल्या त्या ग्रंथातही सांधे आहेत, हे इतिहासाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे.

उत्तरायुष्य

वीट आला तरी रेलँडरचे हात थांबले नाहीत. 1860 च्या सुमारास केलेल्या ‘कठीण दिवस’ या चित्रात बेकार सुताराच्या, त्याच्या निजलेल्या पत्नीच्या आणि मुलाच्या प्रतिमेवर त्याने दुसरी, भुतासारखी पुसट प्रतिमा मुद्दाम चढवली. येथे सांधा झाकलेला नाही, उघडा ठेवला आहे. मला हे चित्र ‘दोन वाटां’पेक्षा सरस वाटते. 1862 मध्ये तो लंडनला आला आणि त्याच वर्षी त्याने मेरी बुल हिच्याशी विवाह केला. ती वयाने त्याच्याहून बरीच लहान होती आणि पूर्वीपासून त्याच्या चित्रांसाठी उभी राहत असे. प्रकाशाचा अंदाज तो मांजराच्या बुबुळांवरून घेई, अशीही एक आख्यायिका आहे. बुबुळे बारीक झाली की ऊन भरपूर, आणि वाटोळी झाली की त्या दिवसाचे काम बंद.

1871 च्या सुमारास त्याने स्वतःचेच एक जोडचित्र केले. त्यात चित्रकार रेलँडर गणवेशातील स्वयंसैनिक रेलँडरची ओळख करून देत आहे. तीच देहयष्टी दोनदा, पण दोन वेषांत. सममितीचा हा त्याचा सर्वांत खेळकर प्रयोग म्हणावा लागेल.

पुढे चार्ल्स डार्विनने मानव व प्राणी यांच्या भावाभिव्यक्तीवरील आपल्या 1872 च्या ग्रंथासाठी त्याची मदत घेतली. रेलँडरने तिरस्कार, असहायता असे भाव स्वतःच्या चेहऱ्यावर आणून टिपले. मेरीही त्यांत आहे. त्यांतील रडणाऱ्या बाळाचे चित्र अतोनात लोकप्रिय झाले आणि त्याच्या प्रती हजारोंनी खपल्या. गंमत अशी की, हे चित्रही निखळ छायाचित्र नव्हते. मूळ लहान छायाचित्रावरून मोठे रेखाटन करून त्याचे पुन्हा छायाचित्र घेतले होते, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. विज्ञानाच्या ग्रंथातही त्याच्यातील चित्रकार स्वस्थ बसला नव्हता.

या यशाने दारिद्र्य फिटले नाही. दीर्घ आजारानंतर 18 जानेवारी 1875 रोजी लंडनमध्ये तो कर्जबाजारी अवस्थेतच मरण पावला आणि ब्रॉम्प्टनच्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. त्याच्या विधवा पत्नीसाठी निधी उभारण्यात एडिंबरोच्या छायाचित्रण संस्थेने पुढाकार घेतला. चित्र नाकारणारी ती संस्था ही नव्हे. ही 1861 मध्ये निघालेली निराळी संस्था, पण शहर तेच. ‘दोन वाटां’ची एक प्रत आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तिची डावी बाजू आता कोणी झाकीत नाही.